आधी अर्ज, मग गाजावाजा : पेटंट घेऊ पाहणाऱ्या नवख्यांसाठी

तुम्ही काही नवीन बनवलं असेल आणि त्याचं पेटंट घ्यायचा विचार असेल, तर हा लेख वाचून होईपर्यंत एक पथ्य पाळा. त्याचा व्हिडिओ कुठे टाकू नका, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पाठवू नका, ओळखीच्या पत्रकाराला बातमीसाठी बोलावू नका. लोकांना धास्ती असते ती फॉर्मची आणि फीची. पण चांगली चांगली प्रकरणं हातची जातात ती अर्ज भरण्याच्याही आधी, मालकाच्या स्वतःच्या उत्साहापायी.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक यंत्र घेऊ. कांदाचाळीत कांदा ढिगाच्या आत सडायला लागतो आणि बाहेर वास येईपर्यंत पत्ता लागत नाही. समजा, तुम्ही ढिगात उभ्या नळ्या बसवल्या. त्यांना वेगवेगळ्या उंचीवर भोकं आहेत. एक झडप आळीपाळीने एकेका थरातली हवा ओढून एकाच गॅस सेन्सरपर्यंत आणते. ज्या थरात सड सुरू झाली असेल, फक्त त्या थराचा पंखा आपोआप सुरू होतो. आता या यंत्राचं काय काय राखता येईल ते पाहू.

एकाच यंत्रावर किती हक्क

‘मला माझ्या नावाचं पेटंट घ्यायचंय’ असं म्हणणारी माणसं नेहमी भेटतात. नावाचं पेटंट नसतं. यंत्राला तुम्ही जे नाव आणि बोधचिन्ह द्याल त्याचा ट्रेडमार्क होतो. तो १९९९च्या कायद्याखाली १० वर्षांसाठी मिळतो आणि दर १० वर्षांनी फी भरत राहिलात तर कायम टिकतो. यंत्राचं डोळ्यांना दिसणारं रूप, म्हणजे आकार, नक्षी, ठेवण, हे डिझाइन म्हणून नोंदवता येतं. त्याची मुदत १० वर्षं आणि वर आणखी ५. यंत्रासोबतची माहितीपुस्तिका आणि कंट्रोलरमधला प्रोग्रॅम जसा लिहिला तसा कॉपीराइटखाली येतो. कॉपीराइट लिहिताक्षणी आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षं टिकतो. यंत्र *चालतं कसं*, त्यातली तांत्रिक युक्ती काय, ते मात्र पेटंटचं क्षेत्र.

सेन्सरवर लावायच्या लेपाचं मिश्रण तुम्ही कुणालाच न सांगता वापरू शकत असाल आणि यंत्र उघडूनही ते कुणाला कळणार नसेल, तर ते गुपित म्हणूनच ठेवणं कधी कधी शहाणपणाचं. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. कामगार, पुरवठादार, भागीदार यांच्याशी केलेल्या लेखी करारांवरच सगळी भिस्त असते.

आणखी दोन हक्कांचा उल्लेख करून पुढे जातो. पैठणी किंवा कोल्हापुरी चपलेला आहे ते भौगोलिक मानांकन एका माणसाचं नसतं, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. आणि पिकाचा नवा वाण काढणाऱ्यांनी पेटंट कार्यालयाकडे यायचंच नाही. त्यांच्यासाठी २००१चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. चंद्रपूरच्या दादाजी खोब्रागडे यांच्यासारखा शेतकरी धानाचा एचएमटी वाण शोधतो, तेव्हा त्याच्या कामाची जागा तिथे.

पेटंट म्हणजे एक सौदा

तुम्ही तुमचा शोध इतका सविस्तर लिहून द्यायचा की त्या विषयातला जाणकार माणूस तो वाचून वस्तू बनवू शकेल. बदल्यात सरकार तुम्हाला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं इतरांना रोखण्याचा हक्क देतं. २० वर्षं संपली की शोध सगळ्यांचा.

यातला ‘रोखण्याचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पेटंट मिळालं म्हणजे वस्तू बनवून विकायचा परवाना मिळाला, असं नाही. तुमच्या यंत्रातली झडप दुसऱ्या कुणाच्या चालू पेटंटमध्ये बसत असेल, तर तुमच्याकडे पेटंट असूनही तो तुम्हाला अडवू शकतो. पेटंट असलेल्या औषधालाही औषध खात्याची परवानगी वेगळी घ्यावीच लागते.

शिवाय पेटंट देशापुरतं असतं. ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ किंवा ‘जागतिक पेटंट’ अशी चीज अस्तित्वात नाही. कुणी ते विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

काय बसतं, काय बसत नाही

१९७०च्या पेटंट कायद्यात तीन कसोट्या आहेत. शोध नवीन हवा, म्हणजे जगात कुठेही, कुठल्याही भाषेत आधी प्रसिद्ध झालेला नको. त्यात कल्पकतेची पायरी हवी, म्हणजे त्या विषयातल्या जाणकाराला ते सहज सुचण्यासारखं नको. आणि तो उद्योगात बनवता किंवा वापरता यायला हवा. शोध फार मोठा, फार शास्त्रीय असायला हवा असं कुठेच म्हटलेलं नाही. भारतात असा हक्क सर्वांत आधी मागितला गेला तो १८५६ साली, कोलकात्यात, जॉर्ज अल्फ्रेड डीपेनिंग यांच्याकडून, आणि तोही छताचा पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी!

नवखे अडकतात ते मधल्या कसोटीवर. ‘असं बाजारात नाही’ हे नवेपणाचं उत्तर झालं, तेही अर्धंच, कारण बाजारात नसलेल्या हजारो गोष्टी जुन्या पेटंटांत लिहिलेल्या असतात. परीक्षक पुढचा प्रश्न विचारतो: गॅस सेन्सर माहीत होता, चाळीतला पंखा माहीत होता, मग दोन्ही जोडण्यात तुम्ही काय केलंत? आपल्या यंत्रात याचं उत्तर आहे. एकच सेन्सर झडपेच्या मदतीने अनेक थर वाचतो, म्हणून खर्च घटतो, आणि एकाच सेन्सरची मापं एकमेकांशी ताडून पाहिल्याने सेन्सरच्या चुकीचा परिणाम कमी होतो. असं एक तरी वाक्य तुमच्याकडे नसेल तर अर्ज करण्याआधी पुन्हा विचार करा.

नंतर येतं कलम ३. इथे कायदा सरळ म्हणतो की या गोष्टींना शोध मानायचंच नाही. निसर्गनियमांच्या विरुद्ध जाणारी यंत्रं त्यात येतात. इंधनाशिवाय कायम फिरणाऱ्या चाकाचे आराखडे घेऊन येणाऱ्यांचा रस्ता इथेच बंद होतो. निसर्गातल्या गोष्टीचा नुसता शोध लागणं, शेतीची किंवा बागायतीची पद्धत, माणसावर किंवा जनावरावर उपचार करण्याची पद्धत, खेळ खेळण्याची रीत, धंदा चालवण्याची रीत, हे सगळं बाहेर. म्हणून ‘कांदा साठवण्याची पद्धत’ असा दावा करण्याआधी दहा वेळा विचार करा. ‘कांदा साठवण्याचं यंत्र’ म्हणालात तर शेतीपद्धतीच्या आक्षेपाला फारसा वाव राहत नाही.

तीन उपकलमांवर जरा थांबू, कारण वाद तिथे होतात.

३(डी) : माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप, ज्याने गुणकारकता वाढत नाही, त्याला पेटंट नाही. याच मुद्द्यावर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा कर्करोगावरच्या ग्लिव्हेक औषधासंबंधीचा दावा फेटाळला. औषधनिर्माण शिकणाऱ्यांनी तो निकाल मुळातून वाचावा.

३(के) : गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि ‘निव्वळ’ संगणक प्रोग्रॅम यांना पेटंट नाही. निव्वळ या शब्दावरच सगळा खेळ आहे. प्रोग्रॅममुळे यंत्राच्या किंवा संगणकाच्या कामात खरा तांत्रिक परिणाम होत असेल तर दार बंद नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९मध्ये फरीद अलानी यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. आपला कंट्रोलर पंखा सुरू करतो, हवा हलवतो; तो बसतो. ‘शेतकरी आणि व्यापारी यांना जोडणारं अॅप’ बसवणं फार अवघड. अॅपवाल्यांनी ट्रेडमार्क आणि कॉपीराइट सांभाळावा आणि धंदा वाढवावा, हे माझं मत.

३(पी) : पारंपरिक ज्ञान. आजीच्या बटव्यातल्या औषधाला पेटंट नाही. इथे हळदीचं प्रकरण आठवेल. जखमेवर हळद लावण्यासाठी अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं, जुने लिखित पुरावे काढून दाखवले, आणि १९९७ साली ते रद्द झालं. ‘आम्हाला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे’ एवढं म्हणून भागलं नाही, छापील कागद दाखवावे लागले, हे त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं. पुढे याच अनुभवातून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला. परीक्षक तो चाळतात.

तोंड बंद का ठेवायचं

नवेपणा अर्जाच्या तारखेला मोजतात. त्या तारखेआधी तुम्ही स्वतःच शोध जगजाहीर केला असेल, तर तुमचाच व्हिडिओ तुमच्याविरुद्ध पुरावा ठरतो. ‘पण मीच तर शोधलं’ हा बचाव चालत नाही. चार शेतकऱ्यांना यंत्र विकलं असेल, तरी तेच.

काही देशांत अशा वेळी वर्षभराची सवलत असते, आपल्याकडे ती अगदी चिंचोळी आहे. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडणी केली, किंवा विद्वत्सभेपुढे निबंध वाचला, तर १२ महिन्यांत अर्ज करता येतो. कॉलेजचं प्रोजेक्ट प्रदर्शन, तालुक्याचं कृषी प्रदर्शन, विद्यापीठांचं ‘आविष्कार’ संमेलन यांना ही सवलत आहेच असं धरून चालू नका. विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी क्रम पक्का ठेवावा: आधी अर्ज, मग पेपर, मग बक्षीस.

सुटे भाग बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला तर दाखवावंच लागतं. तिथे गुप्ततेचा लेखी करार करा. एका पानाचा, साध्या मराठीतला चालेल, पण सही आणि तारखेसह. आणि आराखडा पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून सीलबंद ठेवायची जी युक्ती अजून सांगितली जाते, तिने पेटंटचा कुठलाही हक्क मिळत नाही.

शोध घेण्याआधीचा शोध

पेटंट एजंटकडे, म्हणजे अर्ज तयार करून देणाऱ्या जाणकाराकडे, जाण्याआधी दोन-तीन संध्याकाळी संगणकासमोर घालवा. भारतीय पेटंट कार्यालयाची ‘इनपास’ ही शोधसेवा, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची ‘पेटंटस्कोप’, युरोपची ‘एस्पासनेट’ आणि गूगल पेटंट्स, चारही फुकट आहेत.

कांदा हा शब्द टाकून थांबू नका. तुमची युक्ती बटाट्याच्या गोदामासाठी, धान्याच्या सायलोसाठी, फळांच्या कंटेनरसाठी कुणी लिहिली असेल, तरी परीक्षक ती तुमच्यासमोर ठेवणार. जवळचं एखादं पेटंट सापडलं की त्यावरचा वर्गीकरण क्रमांक पाहा आणि त्याच क्रमांकाने पुन्हा शोधा. शब्द बदलतात, वर्ग बदलत नाही. सापडलेली जवळची पाच-सहा कागदपत्रं जपून ठेवा. तुमचं यंत्र त्यांहून वेगळं कसं, हे लिहितानाच तुमचा अर्ज अर्धा तयार होतो. आणि हुबेहूब तेच सापडलं तर? वाईट वाटेल, पण पैसे वाचले. शिवाय ते पेटंट भारतात घेतलेलंच नसेल किंवा त्याची मुदत संपली असेल, तर ते यंत्र तुम्ही इथे खुशाल बनवू शकता. दुसऱ्याचं पेटंट वाचण्याचा हा फायदा कुणी फारसा सांगत नाही.

मालक कोण

शोधक आणि अर्जदार या दोन वेगळ्या भूमिका आहेत. ज्याने डोकं चालवलं तो शोधक. त्याचं नाव अर्जात यायलाच हवं. हक्क ज्याच्या नावावर होणार तो अर्जदार. तो शोधक स्वतः किंवा त्याने लेखी हक्क दिलेली कंपनी, संस्था. नोकरीत लागलेल्या शोधाचं काय, यावर आपला पेटंट कायदा काही सांगत नाही. नेमणूकपत्रात आणि करारात काय लिहिलंय ते बघावं लागतं. विद्यार्थ्यांनी कॉलेजचं बौद्धिक संपदा धोरण मागून घ्यावं. निव्वळ मान म्हणून विभागप्रमुखांचं नाव शोधकांत घालू नये.

मित्रामित्रांनी मिळून अर्ज करताना एक गोष्ट आधीच बोलून घ्या. वेगळा करार नसेल तर सहमालकांचा वाटा समान धरला जातो. प्रत्येक जण स्वतःपुरता शोध वापरू शकतो आणि त्याच्या नफ्याचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही. पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय कुणीही लायसन्स देऊ शकत नाही की आपला वाटा विकू शकत नाही. म्हणजे भांडण झालं की पेटंट जागच्या जागी गोठतं. कोणाचा किती वाटा, कोण विकणार, कोण फी भरणार, हे अर्जाच्या आधी कागदावर उतरवा.

प्रोव्हिजनल की कम्प्लीट

यंत्र अजून सुधारत असाल तर आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करता येतो. त्याने तारीख तुमच्या नावे लागते. मग १२ महिन्यांच्या आत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचा पूर्ण तपशील, द्यायचं. ती मुदत चुकली तर अर्ज सोडून दिला असं मानतात. नुसता प्रोव्हिजनल सोडून दिला तर तो प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे गुपित गुपितच राहतं आणि मधल्या काळात कुणी काही जाहीर केलं नसेल तर नव्याने अर्ज करता येतो.

प्रोव्हिजनल म्हणजे अर्धं पान खरडून तारीख मिळवणं, असा एक समज आहे. तो महागात पडतो. त्या तारखेचा फायदा प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलंय तेवढ्यालाच मिळतो. झडपेचा उल्लेखच केला नसेल आणि दरम्यान दुसऱ्या कुणी झडपेची युक्ती जाहीर केली, तर तुमची पहिली तारीख झडपेच्या कामाची नाही. म्हणून माहीत आहे तेवढं सगळं लिहा, सुचलेले पर्यायही लिहा.

कम्प्लीट स्पेसिफिकेशनमध्ये शीर्षक, विषयाचं क्षेत्र, आधीचं तंत्र आणि त्यातली अडचण, शोधाचं वर्णन, आकृत्या, सारांश आणि शेवटी क्लेम, म्हणजे हक्काचे दावे, येतात. शोध प्रत्यक्षात आणण्याचा तुम्हाला माहीत असलेला सर्वोत्तम मार्ग त्यात सांगावाच लागतो. हातचं राखून ठेवलं तर पुढे त्याच कारणाने पेटंट रद्द होऊ शकतं.

क्लेम: इथे घाई नको

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, तसे हे क्लेम. वर्णन कितीही सुंदर असो, हक्क क्लेमच्या हद्दीपुरताच.

कांद्याच्या यंत्राचा पहिला मसुदा नवखा माणूस असा लिहितो: ‘साठवलेल्या कांद्यातील सड ओळखणारे यंत्र.’ हे फार रुंद झालं. वास घेणारं कुठलंही जुनं यंत्र यात बसतं, त्यामुळे नवेपणाच्या कसोटीवर ते लगेच पडेल. मग तोच माणूस दुसऱ्या टोकाला जातो: ‘११० मिलिमीटर व्यासाच्या सहा पीव्हीसी नळ्या, प्रत्येकीस ३० सेंटिमीटर अंतरावर भोके…’ असं पेटंट मिळेलही, पण शेजारचा कारखानदार लोखंडी नळ्या वापरेल, पाचच बसवेल, आणि तुम्ही बघत राहाल.

मधला मार्ग काढायचा तो असा: साठ्याच्या वेगवेगळ्या उंचीवरून हवा घेणारे मार्ग, त्यांतला एकेक मार्ग आळीपाळीने एका समाईक सेन्सरला जोडणारी झडप, आणि मिळालेली मापं एकमेकांशी ताडून संबंधित थरातली हवा खेळती करणारा नियंत्रक. नळी कशाची, किती जाड, सेन्सर कोणता, यांतलं काहीच मुख्य क्लेममध्ये नाही. ते सगळं त्याच्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या क्लेममध्ये एकेक करून घालायचं. परीक्षकाने मुख्य क्लेम पाडला तर मागे हटायला या पायऱ्या असतात. ‘कांदा’ हा शब्दही मुख्य क्लेममध्ये हवाच का, हे स्वतःला विचारा. ‘शेतमाल’ म्हटलं तर बटाटा, लसूणही आले.

क्लेमचा प्रत्येक घटक वाचून असं म्हणून बघा: ‘नक्कल करणारा हा घटक वगळूनही माझी युक्ती वापरू शकेल का?’ उत्तर हो आलं, तर तो घटक मुख्य क्लेममधून खाली ढकला.

या टप्प्यावर नोंदणीकृत पेटंट एजंट घ्यावा, असं मी सांगेन. कायद्याने सक्ती नाही, तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. पण नंतरच्या दुरुस्तीत मूळ वर्णनात नसलेली नवी गोष्ट घालता येत नाही, त्यामुळे सुरुवातीची चूक कायमची राहते. एजंटची फी सरकारी फीपेक्षा बरीच जास्त असते. तुमच्या विषयाचा जाणकार निवडा. रसायनवाल्याकडे यंत्र नेऊ नका. मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी २०१६पासून एक सरकारी योजना आहे, तिच्यात अशा एजंटची (तिथे त्याला सुलभक म्हणतात) फी सरकार भरतं.

अर्ज आणि पैसे

पेटंट कार्यालयं चार: कोलकाता हे मुख्य, शिवाय दिल्ली, मुंबई, चेन्नई. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईकडे येतात. आता सगळं ऑनलाइन होतं. कागदावर दिलात तर फी १० टक्के जास्त.

फॉर्म १ हा अर्ज, फॉर्म २ मध्ये स्पेसिफिकेशन, फॉर्म ३ परदेशी अर्जांविषयीचं निवेदन, फॉर्म ५ शोधकांविषयीचं घोषणापत्र, एजंट असेल तर फॉर्म २६. लघुउद्योग किंवा स्टार्टअप म्हणून सवलत हवी असेल तर फॉर्म २८ पुराव्यासह.

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये, इतरांना ८,०००. यात ३० पानं आणि १० क्लेम येतात. सवलतीच्या गटाला पुढच्या प्रत्येक पानाला १६०, प्रत्येक क्लेमला ३२० रुपये.

इथे एक मोठी फसगत होते. अर्ज भरला म्हणजे तपासणी सुरू झाली असं नाही. तपासणीसाठी फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो. सवलतीच्या गटाला ४,००० रुपये, इतरांना २०,०००. ही मुदत पूर्वी ४८ महिने होती. १५ मार्च २०२४पासूनच्या अर्जांना ती ३१ महिनेच आहे. चुकली तर अर्ज मागे घेतला असं धरतात. घाई असेल तर फॉर्म १८ए भरून जलद तपासणी मागता येते; स्टार्टअप, लघुउद्योग, आणि व्यक्तिगत अर्जदारांत किमान एक महिला असेल असे अर्ज त्याला पात्र ठरतात.

नंतरची वाट

अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. फॉर्म ९ भरला तर लवकर. पब्लिश झाल्याचा संदेश आला की ‘पेटंट मिळालं’ म्हणून सत्कार घडवून आणणारी मंडळी आहेत, पदोन्नतीच्या गुणांसाठी तर विशेष. प्रसिद्धी म्हणजे फक्त शोध लोकांसमोर मांडला गेला; तपासणी अजून व्हायची आहे. डिझाइनच्या नोंदणीला ‘डिझाइन पेटंट’ म्हणून मिरवणं हाही त्यातलाच प्रकार. पेटंट नसताना वस्तूवर ‘पेटंटेड’ छापणं मात्र कायद्याने दंडनीय आहे. अर्ज प्रलंबित असल्याचं लिहायला हरकत नाही.

मग येतो पहिला तपासणी अहवाल, ज्याला सगळे एफईआर म्हणतात. तो वाचून हाय खाऊ नका. आक्षेपांशिवाय येणारा अहवाल विरळाच. परीक्षक जुनी कागदपत्रं डी१, डी२ अशी नावं देऊन मांडतो आणि म्हणतो की या दोहोंवरून तुमचा क्लेम १ सहज सुचतो. उत्तराला ६ महिने मिळतात, आणखी ३ महिन्यांची मुदतवाढ मागता येते.

‘मी किती वर्षं कष्ट केले’ हे उत्तरात लिहून काही होत नाही. डी१ मध्ये काय नाही, डी२ मधून ते का घेता येत नाही, दोन्ही जोडले तरी तुमचा परिणाम का मिळत नाही, हे आक्षेपागणिक लिहा. गरज पडल्यास क्लेम अरुंद करा. मापं असतील तर द्या: तीन थर, एक सेन्सर, इतक्या वेळात सड पकडली. समाधान झालं नाही तर सुनावणी लागते, ती बहुधा व्हिडिओवर. त्यानंतर लेखी म्हणणं देता येतं. तरीही अर्ज नाकारला तर उच्च न्यायालयात अपील. पूर्वीचं अपील मंडळ २०२१ साली बरखास्त झालं.

या काळात, पेटंट मिळण्याआधी, कुणीही विरोध दाखल करू शकतं. मिळाल्याचं प्रसिद्ध झाल्यावर एक वर्षापर्यंत हितसंबंधी व्यक्तीला विरोध करता येतो.

पेटंट हातात आल्यावर

अर्जाच्या तारखेपासून मोजून तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी नूतनीकरण फी लागते. सवलतीच्या गटाला तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी वर्षाला ८०० रुपये, सातव्या ते दहाव्यासाठी २,४००, अकराव्या ते पंधराव्यासाठी ४,८००, पुढे ८,०००. वीस वर्षं टिकवलं तर एकूण ७६,८००. अर्जानंतर दोन वर्षांहून उशिरा पेटंट मिळालं तर मागची साचलेली फी नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत एकदम भरायची असते, हे अनेकांच्या ध्यानीमनी नसतं. फी चुकली तर सहा महिन्यांपर्यंत जादा पैसे भरून सावरता येतं. तरीही राहिली तर पेटंट संपतं. ते पुन्हा जिवंत करण्यासाठी १८ महिन्यांत अर्ज करावा लागतो, आणि चूक मुद्दाम केली नव्हती हे पटवून द्यावं लागतं.

शोध प्रत्यक्षात वापरला जातोय की नाही, हेही फॉर्म २७ मध्ये सांगावं लागतं, आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा. पेटंट घेऊन नुसतं कुलूपबंद ठेवणं कायद्याला मान्य नाही. पेटंट मिळाल्यापासून तीन वर्षांनंतर कुणीही सक्तीचा परवाना, म्हणजे मालकाची संमती नसतानाही वस्तू बनवायची मुभा, मागू शकतो. २०१२ साली बायरच्या नेक्साव्हर या औषधावर नॅटको कंपनीला असा परवाना दिला गेला. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला.

कुणी नक्कल केली तर दावा तुम्हालाच लावावा लागतो. पोलीस येत नाहीत. दावा जिल्हा न्यायालयात किंवा त्याहून वरच्या न्यायालयात चालतो, आणि प्रतिवादी बहुधा पहिल्याच तारखेला ‘हे पेटंटच रद्द करा’ असा प्रतिदावा घालतो. तसं झालं की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. नुकसानभरपाई अर्ज प्रसिद्ध झाल्यापासूनची मागता येते, दावा मात्र पेटंट मिळाल्यावरच. म्हणून एकट्या शोधकाला मी आधी लायसन्सचा रस्ता धरायला सांगतो: बनवणाऱ्या कारखान्याला परवाना द्या, विक्रीमागे रॉयल्टी घ्या, करार लेखी करून पेटंट कार्यालयात नोंदवा.

परदेशात हवं असेल तर

भारतात राहणाऱ्याने थेट परदेशात अर्ज करायचा नाही. एक तर आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, किंवा फॉर्म २५ भरून परवानगी घ्यायची. हे मोडलं तर इथला अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात आणि तो गुन्हाही ठरतो. परदेशी भागीदाराच्या वकिलाने घाईने तिकडे अर्ज टाकून दिला, अशा प्रकरणांत भले भले सापडतात.

इथल्या पहिल्या तारखेपासून १२ महिन्यांत तुम्ही एकेका देशात जाऊ शकता, किंवा पीसीटीचा, म्हणजे पेटंट सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा, एक अर्ज करून देश निवडायला पहिल्या तारखेपासून साधारण ३० महिने मिळवू शकता. भारत या करारात १९९८पासून आहे. पीसीटी अर्जाने पेटंट मिळत नाही, वेळ मिळतो आणि शोध-अहवाल मिळतो. शेवटी प्रत्येक देशाची फी, तिथला एजंट, लागेल तिथे भाषांतर, सगळा खर्च वेगळा. कांद्याच्या यंत्रासाठी जिथे कांदा मोठ्या प्रमाणावर साठवतात आणि जिथे तुमच्या यंत्राची नक्कल होण्याची शक्यता आहे, असे दोन-तीन देश काढा. बाकीच्यांचा मोह सोडा.